माझा परिसर : मदनपुरा आणि राणीची बाग

गेल्या पावसाळ्यात आम्ही आठवीच्या वर्गाला ‘माझा परिसर’ हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांना हा विषय तोंडपाठ असतो. दर दोन-तीन वर्षांनी तो परीक्षेत येतो, गाइडमध्ये त्याचा नमुना छापलेला असतो आणि मुले तो घोकून येतात. आम्ही ४१ वह्या पिशवीत भरून घरी आणल्या आणि रात्री जेवणे आटोपल्यावर तपासायला बसलो.

पहिल्या वहीत लिहिले होते, ‘माझे गाव खाडीच्या काठी वसलेले आहे.’ पुढे नारळी-पोफळीच्या बागा होत्या, पहाटेचा कोंबडा होता, अंगण झाडणारी आजी होती, होड्या होत्या. दुसऱ्या वहीतही खाडी. पाचव्या वहीपर्यंत हसू आले, दहाव्या वहीपर्यंत राग आला. आमची शाळा मुंबईत मदनपुऱ्याच्या जवळ आहे. यातल्या बहुतेक मुलांनी कोंबडा पाहिला तो खाटकाच्या दुकानातल्या जाळीत. मग विसाव्या वहीशी आम्ही थबकलो. ‘भरतीचे पाणी आमच्या पायरीपर्यंत येते’ हे वाक्य गाइडमधले नव्हते. ते आमचे होते.

वाचकहो, आमचे गाव दापोली तालुक्यातले. काही वर्षांपूर्वी परीक्षा तोंडावर आली असता आम्ही हाच निबंध फळ्यावर लिहून दिला होता आणि घाईत स्वतःच्या गावाचे वर्णन केले होते. त्या मुलांच्या वह्या धाकट्या भावंडांकडे गेल्या, तिथून शेजाऱ्यांकडे गेल्या. आता ३७ मुले आमच्या गावात राहत होती. आमच्या घरची पायरी त्यांच्या वहीत होती, आणि ज्या जिन्यावरून ती रोज चार मजले उतरतात तो जिना कुठेच नव्हता.

उरलेल्या चारांपैकी तिघांनी गाइड उतरवले होते. एका मुलीने तेवढ्या तीनच ओळी लिहिल्या होत्या : ‘माझ्या परिसरात काही नाही. गल्ली आहे. आवाज आहे.’ ४१ वह्यांत खरे लिहिणारी ती एकटीच होती. नेहमीच्या पद्धतीने गुण द्यायचे तर सर्वांत कमी गुण तिलाच मिळाले असते. आम्ही लाल पेन बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, ‘आपल्या मोहल्ल्याबद्दल का नाही लिहिलंत?’ मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘टीचर, अपने इधर लिखने जैसा है क्या?’ सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण मनात आले, आपल्याला तरी काय ठाऊक आहे? १७ वर्षे या शाळेत शिकवतो. भायखळा स्टेशनवर उतरायचे, मान खाली घालून शाळा गाठायची, संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे. मुलांनी आमचे गाव उसने घेतले यात दोष त्यांचा नव्हता. त्यांचा मोहल्ला लिहिण्याजोगा आहे हे आम्ही त्यांना एकदाही सांगितले नव्हते.

मग आम्ही ग्रंथालयात बसलो, जुने लोक गाठले, मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगितले, आणि थंडीत एका शनिवारी वर्गाची सहल काढली. सहल कुठे, तर शाळेपासून पायी अर्ध्या तासावरच्या राणीच्या बागेत. एका वालिदांनी काळजीने विचारले, ‘रानीबाग में पढ़ाई क्या होगी?’ त्यांना म्हटले, मुले परत आली की त्यांनाच विचारा. तिकिटांसाठी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. एका मुलाची दादी, वय ८० च्या पुढे, ‘हमको भी ले चलो’ म्हणून हटून बसली. तिच्यासाठी टॅक्सी केली. बाकी आम्ही सगळे पायी निघालो.

पहिला धडा शाळेच्या फाटकाबाहेरच झाला. मदनपुरा हे नाव बनारसलाही आहे आणि तिथेही तो विणकरांचाच मोहल्ला आहे. १८५७ च्या उठावानंतरची धरपकड, वरचेवरचे दुष्काळ आणि यंत्रावरच्या विलायती कापडाने बुडवलेला धंदा, यांमुळे उत्तरेतले मोमीन विणकर कुटुंबकबिल्यासह मुंबईला आले. या भागात त्यांनी हातमाग मांडले. पुढे आसपास कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतले कितीतरी हात गिरणीत गेले. नंतर यंत्रमाग आले आणि हळूहळू भिवंडीकडे सरकले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाबरोबर इथल्या घरांच्या चुलीही थंडावल्या. आज त्याच गल्ल्यांत बॅगांचे आणि जरीकामाचे कारखाने आहेत. माग गेले, हातातले कसब राहिले. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे पणजोबा कुठल्या ना कुठल्या मागावर बसलेले होते. त्यांतल्या पाच जणांनाच हे ठाऊक होते, तेही घरी विचारून आल्यामुळे.

मदनपुऱ्याला लागून जाणारा बेलासिस रोड मुले रोज ओलांडतात. हा रस्ता १७९३ सालचा. त्या वर्षी सुरतेकडे दुष्काळ पडला आणि भुकेली माणसे मुंबईत आली. लोकांनी वर्गणी जमवली, तिच्यातून या माणसांना काम दिले आणि मेजर जनरल बेलासिस यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच हातून हा रस्ता झाला. नाव साहेबाचे लागले, माती वाहिली ती दुष्काळग्रस्तांनी. हे सांगितल्यावर एका मुलाने वाकून रस्त्याला हात लावला. बाकीचे हसले, पण पुढची दहा पावले सगळे जरा जपून चालले.

नागपाड्याच्या नाक्यावर थांबलो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत तो झपाट्याने पसरला. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पाडून नव्याने बांधायला घेतलेल्या पहिल्या भागांत नागपाडा होता. आज इथले काही रस्ते सरळ आणि रुंद दिसतात त्यामागे ती साथ आहे. जवळच मस्तान तलावाचे मैदान आहे. नावात तलाव उरला आहे, पाणी नाही. इथल्या मुलांना नागपाड्याचे बास्केटबॉल माहीत असते, पण ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ची गोष्ट माहीत नसते. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२७ मध्ये हे समाजकेंद्र सुरू केले, आणि १९३६ मध्ये तिथेच समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे टिस ती हीच. ‘टीचर, टिस तो देवनार में है ना?’ एका मुलीने विचारले. तिची मोठी बहीण तिथल्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. आम्ही म्हटले, देवनारला ती मागाहून गेली. जन्म इथला.

क्लेअर रोडवरून जाताना साहित्याचा तास झाला. या रस्त्याला आता मिर्झा गालिब यांचे नाव आहे. इथल्या अडेल्फी चेंबर्समध्ये सआदत हसन मंटो राहिले होते, आणि त्यांची ‘मम्मद भाई’ ही कथा याच भागातल्या अरब गल्लीत घडते. मराठीतले नामदेव ढसाळ लहानाचे मोठे झाले तेही इथून हाकेच्या अंतरावर. ‘गोलपिठा’ हे त्यांच्या पहिल्या कवितासंग्रहाचे नावच मुळी इथल्या एका वस्तीचे आहे. दोघांनीही इथले कठोर, काळोखे जग लिहिले. ते सगळे आठवीच्या मुलांपुढे ठेवण्यासारखे नाही, मोठी होतील तेव्हा वाचतील. आम्हाला एवढेच सांगायचे होते की उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांच्या मोठ्या लेखकांना याच गल्ल्यांत लिहिण्यासारखे सापडले. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता पुढे येऊन चालत होता.

थोडा वळसा घेऊन मागेन डेव्हिड सिनेगॉगपर्यंत गेलो. हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधवले. १८६४ मध्ये ते पूर्ण झाले आणि त्याच वर्षी ससून वारले. एके काळी भायखळ्यात बगदादी ज्यूंची मोठी वस्ती होती. पुढे बहुतेक कुटुंबे इस्रायल, इंग्लंड अशी परदेशी गेली. त्यांनी काढलेल्या इथल्या शाळांत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा भाऊ त्यांतल्याच एका शाळेत शिकतो. ‘तो ज्यू लोगों का स्कूल है?’ त्याने डोळे मोठे करून विचारले. हो, आणि तुझ्या भावाचेही आहे.

स्टेशनचा पूल ओलांडला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, भायखळा त्याच मार्गावरचे. इथल्या स्टेशनची जुनी इमारत अलीकडे मूळ रूपात दुरुस्त झाली आणि २०२२ मध्ये युनेस्कोने त्या कामाला आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरवले. भायखळा या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. कुणी म्हणते भाया नावाच्या माणसाचे खळे, कुणी म्हणते बहाव्याचे खळे. बहावा म्हणजे उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडणारे झाड. मुंबईतली कितीतरी नावे झाडांवरून आली आहेत. चिंचपोकळीत चिंच आहे, उमरखाडीत उंबर आहे, भेंडीबाजारात भेंडीचे झाड आहे. मुले वाटेत झाडे मोजत होती. मदनपुऱ्यातून निघाल्यापासूनचा आकडा दोन हातांच्या बोटांवर मावला. नावात जेवढी झाडे होती तेवढी वाटेत उरली नव्हती.

मग बागेचे फाटक आले आणि ४१ मुलांचा आवाज एकदम खाली आला. मोठ्या झाडांखाली गेल्यावर माणसे आपोआप हळू बोलू लागतात.

‘टीचर, रानी कौन थी?’ हा प्रश्न यायचाच होता. राणी म्हणजे इंग्लंडची विक्टोरिया. या बागेचे मूळचे नाव विक्टोरिया गार्डन्स. स्वातंत्र्यानंतर तिला जिजामातांचे नाव मिळाले आणि आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. लोकांच्या तोंडी मात्र राणीची बाग, आणि आमच्या मोहल्ल्यात रानीबाग.

या बागेची मुळे शिवडीला आहेत. पश्चिम भारताच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची म्हणजे शेती-बागायतीच्या मंडळाची तिथे बाग होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली, तेव्हा माझगावच्या माउंट इस्टेटवर ही नवी बाग तयार झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. सुरुवातीला ३३ एकर होती. १८७३ मध्ये मंडळ बंद पडल्यावर ती महापालिकेकडे आली आणि १८९० च्या सुमारास प्राण्यांसाठी आणखी १५ एकर जोडले गेले. म्हणजे उत्तरेतून आलेल्या विणकरांनी इकडे माग मांडले आणि तिकडे या बागेत रोपे लागली, ती साधारण एकाच काळात. बस्ती आणि बाग बरोबरीने वाढल्या.

फाटकातून आत गेल्यावर गोरखचिंच आहे. आफ्रिकेतून आलेल्या या झाडाचा बुंधा केवढा, तर किती मुलांनी हात धरले तर वेढा पडेल यावर पैजा लागल्या. पुढे म्यानमारकडचा उर्वशी, सीतेचा अशोक, आणि पानांचे द्रोण झालेला कृष्णवड पाहिला. या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. २००७ साली इथे आंतरराष्ट्रीय धर्तीचे प्राणिसंग्रहालय उभारण्याचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांच्या काळजीपोटी काही मुंबईकरांनी, त्यांत महिला आघाडीवर होत्या, बाग वाचवण्याची मोहीम सुरू केली. त्यांनी सर्वांत आधी काय केले? झाडे मोजली, ओळखली आणि त्यांची नावे लिहून काढली. ज्याची नोंद असते ते वाचवता येते, हे मुलांना आम्ही दोनदा सांगितले.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८५७ च्या धामधुमीत फोर्टातल्या बराकीत असलेले जुने संग्रहालय लष्कराने रिकामे करायला लावले आणि वस्तूंची मोडतोड झाली. पुढच्याच वर्षी नागरिकांची सभा भरली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी वर्गणी जमवायला सुरुवात केली. ज्या दिवशी बाग खुली झाली त्याच दिवशी संग्रहालयाची पायाभरणी झाली. मध्येच पैसा संपला आणि काम रेंगाळले. शेवटी २ मे १८७२ रोजी ते सुरू झाले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. बाहेरचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या नावाचा आहे. मुलांनी ओळखले, ‘वो सिनेगॉगवाले!’ आत मुंबईतल्या वेगवेगळ्या जमातींच्या पेहरावांचे, पगड्यांचे मातीचे छोटे नमुने आहेत. त्या काचेपुढून मुले हलेनात. प्रत्येक जण आपल्या दादा-परदादांसारखी टोपी शोधत होता.

अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, तोच हा. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. १८६४ मध्ये उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि पुढे १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. काळा घोडा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो राजाचा अश्वारूढ पुतळाही १९६५ साली इकडेच आला. ज्यांना जागा उरली नाही ते सगळे या बागेत येऊन विसावले आहेत, असे आम्हाला वाटून गेले.

दुपारी डबे खायला बसलो तेव्हा टॅक्सीने आलेल्या दादी एका झाडाखाली आधीच बसल्या होत्या. त्यांचा नातू म्हणाला, ‘दादी, इनको बताओ ना, तुम लोग ईद पे कैसे आते थे।’ दादींनी सांगायला सुरुवात केली. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली रानीबागेत यायची. पितळी डब्यात उरलेली शिरखुर्म्याची शेवई, एका चादरीवर तीन घरे. मुले हत्तीवर बसायची, बायका बुरखा मागे टाकून गवतावर पाय पसरायच्या. ‘साल भर में एक दिन हम आसमान देखते थे, बेटा।’

मग त्या जरा थांबल्या. मुले पेंग्विन बघायला पळाली होती. आम्ही दोघे-तिघे शिक्षकच उरलो होतो. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘हमारा ब्याह हुआ तो एक कमरे में ग्यारह लोग थे। तुम्हारे दादा रात पाली में मिल जाते थे। दिन में वो सोते, मैं बाहर पटिये पे बैठती। बात कब करें? जिस दिन उनकी छुट्टी हो, यहीं लाते थे। इसी तरफ कहीं बेंच थी। पहले दिन दोनों घंटा भर चुप बैठे। फिर उन्होंने पूछा, तुमको खाने में क्या पसंद है।’ एवढे सांगून त्या पदराआड हसल्या, आणि मग डोळे पुसले. लग्नाला चार महिने झाल्यावर विचारलेला तो प्रश्न होता. त्यांच्या यजमानांना जाऊन २० वर्षे झाली. त्यानंतर त्या इथे आल्या नव्हत्या.

वाचकहो, बागेची लांबी-रुंदी आम्ही पुस्तकात वाचली होती. बाग कशासाठी असते ते त्या क्षणी कळले. ज्यांच्या घराला एकच खोली असते त्यांची दुसरी खोली म्हणजे बाग. नवराबायकोने दोन शब्द बोलायची, म्हाताऱ्याने एकटे बसायची, मुलीने आरडाओरडा करत धावायची जागा. बंगल्याभोवती अंगण असलेल्याला बाग ही हौस वाटते. मदनपुऱ्यासारख्या मोहल्ल्याला ती श्वासासारखी लागते.

म्हणूनच मनाला एक गोष्ट खुपली. वर्गातल्या ४१ पैकी १४ मुले त्या दिवशी पहिल्यांदाच राणीच्या बागेत आली होती. अर्ध्या तासाचे अंतर, आणि १३ वर्षांत एकदाही नाही! कारणे अनेक सांगितली गेली. २०१७ मध्ये मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले, त्याच वेळी आईवडील आणि दोन मुलांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांचे एकत्र तिकीट निघाले. पण आमच्याकडे कुटुंबे चार माणसांची थोडीच असतात? कारखान्यांना रविवारची सुट्टी असेलच असे नाही. तरीही खरे कारण आम्हाला वेगळेच वाटते. सुट्टी मिळाली की आपण मुलांना मॉलमध्ये नेतो किंवा हातात मोबाइल देऊन झोपतो. शेजारची जागा आपली आहे, आपल्या आजोबा-पणजोबांची आहे, हे आपण विसरलो. आणि जे आपले वाटत नाही ते हातचे गेले तरी कळत नाही. विणकाम गेले, तलाव गेला, झाडांची नावे उरली. बाग अजून आहे.

सोमवारी पुन्हा तोच निबंध दिला, ‘माझा परिसर’. फळ्यावर काहीही लिहिले नाही. शुद्धलेखनाच्या चुका पहिल्यापेक्षा तिप्पट निघाल्या, कारण या वेळी वाक्ये त्यांची स्वतःची होती. एकाने लिहिले होते, आमच्या जिन्याला ६८ पायऱ्या आहेत आणि पाणी भरताना मी त्या मोजतो. बॅगवाल्याच्या मुलाने लिहिले होते, माझे अब्बा चेन लावतात, माझे परदादा कापड विणत होते, म्हणजे आमच्या घरात धागा पहिल्यापासून आहे. दादींच्या नातवाने लिहिले होते की दादीने घरी येऊन सर्वांना तिकीट दाखवले आणि ते कुराण शरीफच्या कपाटाखाली, आपल्या पेटीत, जपून ठेवले.

आणि तीन ओळीवाली? तिने या वेळी दीड पान लिहिले होते. सुरुवात तीच होती, ‘माझ्या परिसरात गल्ली आहे. आवाज आहे.’ पण पुढे ते आवाज आले होते. पहाटेची अजान, पाण्याच्या हंड्यांचा खणखणाट, शिलाई मशीनचा आवाज, नाक्यावरच्या बसचा हॉर्न, आणि ‘पूर्वी इथे मागाचा आवाज होता, तो माझ्या नानीला अजून ऐकू येतो’. पहिल्या निबंधाला आम्ही गुण दिलेच नव्हते. तिला बोलावून दोन्ही निबंधांना मिळून दहापैकी नऊ दिले. एक गुण ऱ्हस्व-दीर्घासाठी कापला. ती म्हणाली, ‘टीचर, वो तो कटना ही था।’

वाचकहो, तुमचा मोहल्ला मदनपुरा नसेल. मिरजेत असेल, मालेगावात असेल, औशात असेल, महाडला असेल. तिथेही कुठली तरी बाग, मैदान, बारव, तलाव, ईदगाह असेलच. आमची एवढीच विनंती आहे. या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला बरोबर घेऊन तिथे जा. वडीलधाऱ्यांना विचारा, आपले लोक इथे कुठून आणि कशासाठी आले? काय काम करत होते? ही जागा कुणी केली, कुणाच्या पैशाने? पूर्वी इथे काय होते जे आज नाही? तुम्ही पहिल्यांदा इथे कुणाबरोबर आलात? मुलाला ते वहीत लिहायला लावा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जसे येईल तसे लिहा. उत्तरे सांगणारी माणसे फार दिवस आपल्यात राहणार नाहीत.

मुंबईकरांसाठी एक सूचना : राणीची बाग बुधवारी बंद असते. बाकी सहा दिवस उघडी आहे. आणि आमच्या दापोलीकडच्या गावाबद्दल म्हणाल तर ती खाडी, ती पायरी आता आठवीच्या वह्यांतून गेली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ तेव्हा आमच्या वालिदांना हेच पाच प्रश्न विचारायचे ठरवले आहे. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना तो निबंध लिहून दिला, पण ती पायरी कुणी बांधली हे आम्हालाही अजून विचारायचेच राहिले आहे.